पाच नंबर चारपेक्षा मोठा नसतो: गिअर ऑईलच्या डब्यामागचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा ज्यांच्या गावात रेंज मनाला वाटेल तेव्हा येते, त्यांच्यासाठी हा भाग लिहून ठेवतोय. बोलताना जिथे घाई झाली तिथे थोडं नीट केलंय, बाकी आहे तसंच.

आजचा विषय: मॅन्युअल गिअरच्या स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्समध्ये तेल कोणतं घालायचं?

थांबा, हसू नका. वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनमध्ये बसून हा माणूस स्पोर्ट्स कारचं काय बोलतोय, असं तुम्हाला वाटणारच. आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दिसतात, बाईक दिसतात, सोयाबीनच्या दिवसांत ट्रॉल्यांची रांग दिसते. दोन सीटांची, जमिनीला टेकलेली गाडी इकडे आली तर पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासेल. पण प्रश्न फक्त गाडीचा नाही, दुकानाच्या काउंटरचाही आहे. समोर दोन डबे ठेवलेले असतात. एकावर लिहिलंय जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. दुकानदार दुसरा पुढे सरकवतो आणि म्हणतो, "हे घ्या भाऊ, पाच नंबर. चारच्या वरचं हाये, भारी हाये." आपण चार पैसे जास्त मोजतो आणि खुशीत घरी येतो.

आपल्याला शाळेपासून सवयच तशी लागलीय. आकडा मोठा की माल चांगला. पण डब्यावरचा हा आकडा मार्कांचा नाही, पत्त्याचा आहे. गल्लीतलं पाच नंबरचं घर चार नंबरच्या घरापेक्षा मोठं असतं असं कुणी म्हणतं का? तिथे फक्त वेगळं कुटुंब राहतं. गिअर ऑईलचंही तसंच आहे. चार नंबरच्या घरी कोण राहतं आणि पाच नंबरच्या घरी कोण, हे कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

वजन आहे, स्पर्श नाही

शिरपूरचं नाव घेतलं की लोकांना अंतरिक्ष पार्श्वनाथ आठवतात. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, तिच्याखालून कापड सरकवता येतं, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पूर्वी तर घोडेस्वार खालून जाऊ शकेल एवढी जागा होती, अशीही आख्यायिका आहे. श्रद्धा श्रद्धेच्या जागी. मला त्यातलं फक्त एक चित्र उसनं घ्यायचंय: वजन आहे, पण स्पर्श नाही.

तेलाचं पहिलं काम नेमकं हेच. दोन लोखंडी दाते एकमेकांना पूर्ण ताकदीने ढकलतायत, पण त्यांच्यामध्ये तेलाचा एक पापुद्रा आहे. हा पापुद्रा बऱ्याचदा एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर किती बारीक ते बघा. तो पापुद्रा टिकला तर गिअर लाखभर किलोमीटर चालतो. फाटला तर लोखंड लोखंडाला चावतं.

हे ज्ञान काही परदेशातून आलेलं नाही. बैलगाडीच्या चाकाला ओंगण घालायचं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. वंगण हा आजचा शब्द त्याच घरातला. आणि ओंगण म्हणून घरोघरी काय वापरत? एरंडीचं तेल. ते चिकट असतं, धातूला धरून बसतं आणि दाबाखाली सहज फाटत नाही.

एरंडेलावर धावलेल्या गाड्या

आता गंमत ऐका. स्पोर्ट्स कारच्या इतिहासात हेच एरंडेल मानाच्या जागी बसलेलं आहे. चार्ल्स वेकफिल्ड नावाच्या माणसाने १८९९ मध्ये लंडनमध्ये तेलाची कंपनी काढली. १९०९ च्या सुमारास त्याने मोटारींसाठी एरंडेल मिसळलेलं तेल बाजारात आणलं आणि नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरूनच. पहिल्या महायुद्धातल्या, गोल फिरणाऱ्या इंजिनांच्या विमानांत एरंडेल वापरलं गेलं. पुढे शर्यतीच्या गाड्यांतही कित्येक वर्षं एरंडेलाचा तो गोडसर जळका वास ओळखीचा होता.

मग आपण आजही एरंडेलच का घालत नाही? कारण ते तापलं की हळूहळू चिकट राळ होते आणि खनिज तेलात नीट मिसळतही नाही. शर्यत संपली की इंजिन खोलून पुसणाऱ्यांना ते परवडत होतं. वर्षभर गाडी चालवणाऱ्याला नाही.

त्या काळच्या गिअरबॉक्सला तेलाचे नखरे चालायचे. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पान्हार-लेव्हासॉरच्या गाड्यांत दातेरी चाकं सरकवून एकमेकांत अडकवायची पद्धत रूढ झाली. चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतायत आणि तुम्ही ती एकमेकांत घुसवताय. आवाज व्हायचाच, कर्रर्र! तो टाळायला ड्रायव्हर दोनदा क्लच दाबायचे, मध्ये न्यूट्रलला थांबून अंदाजाने रेस द्यायचे. जुने ट्रक चालवलेल्या एखाद्या काकांना विचारा, ते हाताने करून दाखवतील. अशा डब्यात घट्ट तेल ओतलं की काम भागायचं. तेलाने दोन दाते वेगळे ठेवायचे, बस.

जिथे घासणंच हवं असतं

१९२८ मध्ये चित्र बदललं. अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश गिअरबॉक्स आला. अर्ल थॉम्पसन या इंजिनियरची ती कल्पना. गिअर अडकण्याआधी दोन्ही भागांची गती आपोआप सारखी करायची. कशी? घासून.

गिअरच्या बाजूला एक उतरता कोन असतो. त्याच्यावर बसणारी एक रिंग असते, बहुतेक वेळा पितळेची किंवा ब्राँझची. तुम्ही गिअरची दांडी ढकलली की रिंग कोनावर दाबली जाते. धातूवर धातू घासतो. वेगात फिरणारा भाग मंदावतो, मंद फिरणारा वेग घेतो, गती जुळते आणि दाते निमूट एकमेकांत बसतात. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत.

आता तेलाची पंचाईत बघा. दात्यांच्या मध्ये त्याने पापुद्रा धरून ठेवायचा, स्पर्श होऊ द्यायचा नाही. त्याच डब्यात, दोन बोटांवर, रिंग आणि कोन यांच्यामधून त्याने पटकन बाजूला व्हायचं, म्हणजे धातू धातूला धरेल. एका ठिकाणी घासू द्यायचं नाही, दुसऱ्या ठिकाणी घासलंच पाहिजे. रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक आटे कापलेले असतात, ते याच कामासाठी. तेलाला निसटून जायला वाट हवी ना.

म्हणून गिअरबॉक्सच्या तेलाबाबत "जितकं निसरडं तितकं चांगलं" हे खरं नाही. फार निसरडं तेल घातलं तर रिंग कोनावर नुसती घसरत राहते. गती जुळत नाही, आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना तोच जुना कर्रर्र ऐकू येतो. स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त जाणवतं, कारण तिथे गिअर वेगात आणि चढ्या आरपीएमवर बदलले जातात. रिंगेला वेळ कमी आणि काम जास्त.

गाडी खाली आली, तेलात गंधक आलं

सिंक्रोमेश आलं, साधारण त्याच सुमारास गाडीच्या मागच्या टोकाला दुसरी क्रांती चालू होती. पुढे इंजिन आणि मागची चाकं चालवायची असतील, तर इंजिनाची फिरकी मागच्या आसापाशी काटकोनात वळवावी लागते. हे काम आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत क्राऊन-पिनियन करतं. पूर्वी छोटं पिनियन मोठ्या क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर असायचं. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरातल्या ग्लीसन कंपनीने १९२० च्या दशकात पिनियन मध्यरेषेच्या खाली बसवायची रचना आणली. तिचं नाव हायपॉइड. दशकाच्या मध्यावर पॅकार्डने ती आपल्या गाड्यांत घेतली.

फायदा काय? पिनियन खाली गेलं म्हणून त्याला जोडलेला लांब दांडा खाली गेला. दांडा खाली गेला म्हणून गाडीचा तळ खाली आला. आज आपण जिला स्पोर्ट्स कारची बसकण म्हणतो, तिला या रचनेचा मोठा हातभार लागला.

पण फुकट काही मिळत नाही. साधे दाते एकमेकांवर बऱ्यापैकी लोळतात, पोळीवर लाटणं फिरतं तसे. हायपॉइड दाते लोळतात आणि वरून लांबवर घासतही जातात. लाटणं फिरवायच्या ऐवजी ते दाबून ओढलं तर पोळीचं काय होईल? तसंच तेलाच्या पापुद्र्याचं होतं. तो पुसला जातो.

यावर उपाय रसायनशास्त्रातून आला. तेलात गंधकाची, पुढे गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळली. दाते तापले आणि दाब वाढला की ही संयुगं लोखंडाशी तिथल्या तिथे प्रक्रिया करतात आणि त्याच्यावर एक पातळ थर बसवतात. घासणं त्या थरावर होतं. थर झिजतो, पुन्हा तयार होतो, खालचं लोखंड वाचतं. डब्यांवर ईपी अशी अक्षरं दिसतात ना, ती याचीच खूण, म्हणजे अतिदाब सोसणारं तेल. आणि गिअर ऑईलचा तो डोक्यात जाणारा उग्र वास? तो याच गंधकाचा.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर अमेरिकन सैन्याला हजारो ट्रक आणि जीपांसाठी एकसारखं तेल हवं होतं, म्हणून त्यांनी लेखी मानकं ठरवली. १९५० च्या सुमाराचं एक मानक, एमआयएल-एल-२१०५. मग जास्त ताकदीच्या गाड्या आल्या, धक्के वाढले, आणि १९६२ च्या सुमारास त्याचीच कडक आवृत्ती आली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत पहिल्या मानकाच्या तोडीचं तेल म्हणजे जीएल-४ आणि कडक आवृत्तीच्या तोडीचं म्हणजे जीएल-५. जीएल म्हणजे गिअर लुब्रिकंट, एवढंच. पाचमध्ये चारच्या साधारण दुप्पट रसायन असतं, असा ढोबळ हिशेब सांगतात.

म्हणजे कोण कुठे राहतं ते कळलं? जीएल-५ चं घर म्हणजे मागचं क्राऊन-पिनियन, जिथे हायपॉइड दाते वेगात आणि धक्के खात फिरतात. जीएल-४ चं घर म्हणजे मध्यम भार, आणि पुढे सिंक्रोमेशवाले बरेचसे गिअरबॉक्स त्याच पत्त्यावर राहायला आले.

ज्यांना अजूनही मोठा आकडाच भारी वाटतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट. सहा नंबरही होता! जीएल-६. पिनियन आणखी खाली बसवलेल्या काही गाड्यांसाठी तो काढला होता. त्या रचना मागे पडल्या, तेल तपासायची यंत्रंही उरली नाहीत, आणि तो वर्ग बंद पडला. आज त्या वर्गवारीत जिवंत आहेत ते फक्त जीएल-४, जीएल-५ आणि एमटी-१. त्यातला एमटी-१ नावाने मॅन्युअल असला तरी तो सिंक्रो नसलेल्या अवजड ट्रक-बसच्या गिअरबॉक्ससाठी आहे. म्हणजे सगळ्यात मोठा आकडा मेला, आणि ज्याच्या नावात "मॅन्युअल" आहे तो आपल्या कारसाठी नाही. आता सांगा, नुसतं डब्याकडे बघून काय कळणार?

पितळेची पट्टी

गंधकाची एक खोड आहे. त्याला तांब्याची ओढ असते. पितळ आणि ब्राँझ म्हणजे मुळात तांबंच. सिंक्रोच्या रिंगा त्याच्याच. गरम तेलातलं चपळ गंधक तांब्याला काळं करतं आणि हळूहळू खातं. म्हणूनच "जीएल-५ घातलं की पितळ खाऊन टाकतं" असं गॅरेजमध्ये म्हणतात.

हे कितपत खरं? तेल तपासायची एक जुनी, साधी पद्धत आहे. तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी गरम तेलात ठराविक वेळ, बहुतेक तीन तास, बुडवून ठेवतात. बाहेर काढून रंग बघतात. जवळजवळ तशीच राहिली तर पहिला क्रमांक, काळी ठिक्कर पडली तर चौथा. इथे बघा, लहान आकडा चांगला! जीएल-५ च्या मानकात तिसऱ्या क्रमांकापर्यंत रंग बदललेला चालतो, कारण मागच्या डिफरन्शियलमध्ये पितळेला फारसं काम नसतं. आजची कित्येक चांगली जीएल-५ तेलं यापेक्षा बरीच सौम्य असतात. त्यांतलं गंधक शांत केलेलं असतं, तांब्याला जपणारी द्रव्यंही असतात. त्यामुळे "एका रात्रीत पितळ खाल्लं" ही अतिशयोक्ती. पण दुसरा मुद्दा तसाच उरतो. जीएल-५ ची परीक्षा क्राऊन-पिनियनवर घेतलेली आहे. सिंक्रोची रिंग त्या तेलात पकडेल की घसरेल, हा प्रश्न त्या परीक्षेत विचारलेलाच नाही.

आणि हो, डब्यावर "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही लिहिलं असेल तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की आत पाचच्या ताकदीचं रसायन आहे आणि ते चारच्या भाराची परीक्षाही पास होतं. रिंगेबद्दल तो डबा गप्पच आहे.

देवमाशाचा हिशेब

या इतिहासातलं एक पान वाचताना माझा घास अडकतो. गिअर अलगद पडावा म्हणून तेलात जे मिसळायचे त्यात एक मोठं नाव होतं स्पर्म व्हेलच्या तेलाचं. हा प्रचंड देवमासा. त्याचं तेल खरं तर द्रवरूप मेणासारखं. धातूला घट्ट धरून राहतं, तापलं तरी लवकर बिघडत नाही, आणि पकड सुरू होताना झटका बसू देत नाही. गंधकाची प्रक्रिया केलेलं हे तेल गिअर ऑईलमध्ये जायचं, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलातही. हे किती जुनं असेल? मोबी-डिकच्या काळातलं? नाही हो. माणूस चंद्रावर गेला तेव्हाही अमेरिकन गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये देवमासा होता.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं आणि या तेलाची आयात बंद झाली. तेल कंपन्यांना नव्याने रसायनं शोधावी लागली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकारच थांबवायचं ठरवलं आणि १९८५-८६ पासून ते लागू झालं. त्या शोधात वाळवंटातल्या एका झुडपाचं तेल पुढे आलं, होहोबाचं. त्याची रचना देवमाशाच्या तेलाशी मिळतीजुळती असते. हे झुडूप आपल्याकडे राजस्थानात लावलं गेलंय. एरंडेलापासून सुरू झालेली गोष्ट देवमाशाला वळसा घालून पुन्हा एका बीपाशी आली.

हे का सांगतोय? कारण डब्यातलं तेल हे नुसतं तेल नसतं. कोणता धातू, कोणता भाग, कोणता कायदा, अशा शेकडो निर्णयांचं ते सार असतं. त्यावर एकच आकडा छापून सगळं सांगता येत नाही.

गोवा, अलिबाग, पुणे

आता आपल्या मुलखातल्या स्पोर्ट्स कार. आहेत की! आणि तिन्ही मिळून तेलाचा धडा छान शिकवतात.

पहिली, गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. १९९० च्या दशकाच्या अखेरची दोन सीटांची, उघड्या टपाची, फायबरची गाडी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, गिअर पाच, मॅन्युअल. इंजिन पुढे आणि चालणारी चाकंही पुढचीच. अशा गाडीत इंजिन आडवं बसवतात, त्यामुळे फिरकी काटकोनात वळवावी लागत नाही. गिअर आणि शेवटची दातेरी जोडी एकाच डब्यात, आणि ती जोडी साध्या तिरप्या दात्यांची. हायपॉइड नाहीच, मग त्याचं औषध कशाला? अशा गिअरबॉक्सना साधारणपणे जीएल-४ वर्गाचं, पातळसर तेल सांगितलेलं असतं.

दुसरी, अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने बांधलेली रोडस्टर. जुन्या लोटस सेव्हनच्या धाटणीची, उघडी, हलकी. इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर. इंजिन पुढे, चालणारी चाकं मागची. इथे गिअरबॉक्स वेगळा आणि मागचं क्राऊन-पिनियन वेगळं. दोन डबे, दोन कामं. या रचनेच्या गाडीला बहुधा दोन वेगळी तेलं लागतात: सिंक्रोसाठी एक, हायपॉइडसाठी एक. चार नंबरवाला आणि पाच नंबरवाला एकाच गाडीत, पण आपापल्या घरी.

तिसरी, दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती. २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली गेली आणि पुढे पुण्यात बनली. रेनोचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल, आणि इंजिन सीटच्या मागे. अशी गाडी बघितली की विचारायचं: इंजिन आडवं आहे की उभं? आडवं असेल तर सॅन स्टॉर्मचाच न्याय. उभं असेल तर पोर्शे ९११ सारखं होतं. तिच्यात गिअर आणि क्राऊन-पिनियन एकाच कवचात, एकाच तेलात असतात. मग त्या तेलाला दोन्ही मालकांची चाकरी करावी लागते. सुबारूच्या मॅन्युअल गाड्यांत पुढचं हायपॉइड डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच कवचात असतं, म्हणून कंपनी स्वतः जीएल-५ सांगते. तिथे "गिअरबॉक्स म्हणजे जीएल-४च" असं पाठ करून बसलेला माणूस चुकेल.

आणि १९८० च्या दशकातल्या फोर्ड मस्टँगचं ऐकाल तर गारच व्हाल. तिच्या बोर्ग-वॉर्नर टी-५ या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये, १९८५ पासूनच्या आवृत्तीत, ऑटोमॅटिकचं लाल, पातळ तेल घालायला सांगितलं होतं. कारण रिंगांवर वेगळं अस्तर आणि आत सुईसारखी बारीक बेअरिंगं. तिथे नव्वद नंबरचं घट्ट तेल घातलं तर गाडी नाराज. म्हणजे स्पोर्ट्स कार म्हणून सरसकट एक तेल नाही, आणि मॅन्युअल म्हणूनही नाही.

आमच्या रस्त्यावरची गोष्ट

आता शिरपूरला परत येऊ, कारण आमच्याकडे हा प्रश्न स्पोर्ट्स कारपेक्षा गंभीर आहे. हल्लीच्या बऱ्याच ट्रॅक्टरना "ऑईल ब्रेक" असतात. म्हणजे ब्रेकच्या चकत्या तेलात बुडालेल्या. तेच तेल गिअरला, तेच हायड्रॉलिकला, तेच ब्रेकला. त्यासाठी खास तेल असतं, डब्यावर यूटीटीओ असं लिहिलेलं. तत्त्व तेच, सिंक्रोचं: दाते वेगळे ठेवायचे, पण चकत्यांना धरू द्यायचं. तिथे कुणी "गिअर ऑईल ते गिअर ऑईल" म्हणून ईपी नव्वद ओतलं तर ब्रेकची पकड बिघडू शकते. कारमध्ये गिअर कर्रर्र करेल, रिंग बदलावी लागेल, खिशाला चाट बसेल. ट्रॅक्टरमागे भरलेली ट्रॉली आहे आणि समोर उतार आहे, तेव्हा हिशेब पैशांचा राहत नाही.

मग घालायचं काय?

इतिहासाने आपल्या हातात चार प्रश्न दिलेत. तेच विचारा.

पहिला: कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय? वर्ग, घट्टपणा आणि कंपनीचा स्वतःचा तेल-क्रमांक, तिन्ही बघा. तो तेल-क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा, कारण रिंगेची परीक्षा त्यांनीच घेतलेली असते. पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका फोनवर उतरवून घेता येतात. रील बघण्यातली पाच मिनिटं तिकडे द्या.

दुसरा: क्राऊन-पिनियन कुठे आहे? वेगळ्या डब्यात, त्याच डब्यात, की मुळात नाहीच?

तिसरा: घट्टपणा किती? ७५डब्ल्यू-९० मधला डब्ल्यू थंडीचा. ७५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे चाळीस अंशांवर होते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, म्हणून "घट्टच घाला" असं लोक म्हणतात. पण पौषातल्या सकाळी पहिले दोन किलोमीटर गिअर जड जातो तो घट्ट तेलामुळेच, रिंगेला ते लवकर बाजूला सारता येत नाही. आणि गिअरचं नव्वद म्हणजे इंजिनच्या चाळीसच्या दुपटीपेक्षा घट्ट, असं समजू नका. दोन्ही मापपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअरचं नव्वद हे इंजिनच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच भरतं.

चौथा, हाताने काम करणाऱ्यांसाठी: तेल भरायचा बोल्ट उघडतोय ना? तो आधी सैल करून बघा, मगच खालचा सोडा. सगळं तेल सांडल्यावर कळलं की वरचा बोल्ट जाम आहे, तर गाडी जागेवरच बसते.

दुकानदार चुकीचा नसतो हो. त्याला सगळे मोठा आकडाच मागतात, तो मोठा आकडा देतो. पुढच्या वेळी तो म्हणाला, "पाच नंबर भारी हाये", तर शांतपणे विचारा, "भाऊ, पण हे राहते कोणाच्या घरी?" तो दोन क्षण बघेल, हसेल, आणि बहुतेक मग तुमच्या गाडीचं नाव विचारेल. बरोबर तेलाची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.

चला मंडळी, थांबतो. तुमच्या गाडीच्या, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत कोणतं तेल लिहिलंय ते बघून नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू.